कालव्यात सोडलेलं निर्माल्य

निर्माल्य कालव्यात सोडायची कल्पना माझीच. चंदीगडला आमच्या क्वार्टरमागे कचऱ्याचं पिंप होतं, पण देवाची फुलं त्यात टाकायला माझा हात धजत नव्हता. शेवटी साठलेलं सगळं ह्यांच्या जुन्या चौकडीच्या शर्टात बांधलं आणि हिवाळ्यातल्या एका रविवारी आम्ही दोघांनी रोपडची बस धरली. तिथून निघणारा इंग्रजांच्या काळातला कालवा बघायचा, काठाकाठाने चालायचं, धपाटे खायचे आणि उजेड आहे तोवर घरी यायचं.

उजेडाचं महत्त्व मोठं होतं. पंजाबातली ती खलिस्तानच्या दहशतीची वर्षं; बसमधून माणसं उतरवून मारल्याच्या बातम्या आम्ही वाचत होतो. ह्यांना हॉस्पिटलमधून यायला जरा उशीर झाला तरी मी फाटकाशी जाऊन उभी राहायची. त्या दिवशी तर मला जो तो अतिरेकीच वाटत होता. बसमध्ये शेजारच्या बाईच्या मांडीवर ट्रान्झिस्टर होता. त्यात बॉम्ब असणार अशी माझी खात्रीच झाली होती.

"तिला गाणी ऐकू दे," हे म्हणाले.

काठावरचा रस्ता रुंद होता, पाणी हिरवं आणि ओढीचं. थोडं चालल्यावर मागे एक म्हातारे सरदारजी दिसले. हातात सायकल, तिला बांधलेली काठी, अंगावर घोंगडी. आम्ही थांबलो की ते थांबत. आम्ही धपाटे खायला बसलो, तर तेही लांब बांधावर टेकले. आणि नजर कुठे, तर माझ्या पिशवीवर. तिच्यातून शर्टाची बाही बाहेर आली होती.

"त्या घोंगडीत काहीतरी आहे," मी म्हणाले.

"थंडी आहे," हे म्हणाले.

मला असा राग आला! ह्या माणसाला स्वतःच्या जिवाची फिकीर नाही, ती सगळी माझ्या एकटीच्या माथी.

पूल आला तसं मी गाठोडं काढलं, घाईघाईने हात जोडले आणि दिलं पाण्यात सोडून. मागून आरडाओरडा ऐकू आला. सायकल आडवी पडली होती आणि म्हातारे काठी घेऊन आमच्याच दिशेने धावत येत होते. मी ह्यांच्या पुढे जाऊन उभी राहिले. पण ते आमच्याकडे न बघता शेजारून गेले, पुलापलीकडच्या पायऱ्यांवरून गुडघाभर पाण्यात उतरले आणि वाहत आलेलं गाठोडं त्यांनी काठीने ओढून घेतलं.

आम्ही खाली पोचलो तोवर त्यांनी गाठ सोडली होती. झेंडू, दुर्वा, तुळस, सगळं पायरीवर सांडलं. तिकडे त्यांचं लक्षही नव्हतं. त्यांनी शर्ट पिळला, उलगडला आणि कॉलर उलटी केली. आत शिंप्याचं लेबल होतं, देवनागरीतलं.

"पढ़ो जी," ते ह्यांना म्हणाले. "मैनूं हिंदी नहीं आंदी."

ह्यांनी वाचलं. साताऱ्याचा शिंपी.

"रोपड़ दा दर्ज़ी तां नहीं?"

"नहीं जी. कमीज़ मेरी है. पूजा के फूल बाँधे थे."

मग त्यांनी थोडक्यात सांगितलं. त्यांच्या मुलाला घरातून उचलून नेलं होतं. अंगात असाच चौकडीचा शर्ट होता. कोणी नेलं ते त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. गावातले लोक म्हणाले होते, नहर बघत राहा, नेलेली माणसं कालव्यातूनच वाहत येतात. म्हणून ते रोज बघत होते.

मला रडू आवरेना. हे शर्ट घ्यायला वाकले, पण म्हाताऱ्यांनी तो सोडला नाही. कॉलर पुन्हा ह्यांच्यासमोर धरली.

"इक वारी होर पढ़ो, पुत्त."