विहीणबाई झुबे काढतात तेव्हा

माझ्या विहीणबाईंना देवानं कान दिले ते माणसांचं ऐकायला नव्हेतच. माणसांचं ऐकायची त्यांना सवय नाही आणि हौसही नाही. त्यांच्या यजमानांनी उभ्या संसारात जे जे सांगितलं त्यातलं यांनी काय ऐकलं, हे ते बिचारे अजून शोधत आहेत. कीर्तनाला बसल्या तर बुवांचं निरूपण डोक्यावरून जातं, पण मंडपामागच्या जनरेटरचं दुखणं पहिल्या गजरातच कळतं. आणि फुलंब्रीतल्या त्यांच्या घरावरून जीप, टेम्पो, ट्रॅक्टर, ज्याला म्हणून गिअर आहे असं काहीही गेलं, की मान कलते, तव्यावरची भाकरी करपते आणि निकाल लागतो. "तिसऱ्याचा दात गेलाय." नाहीतर, "गाडी बरी हाय, चालवणारा घरून भांडून निघालाय." या दुसऱ्या निकालाची शहानिशा मी एकदा त्या माणसाला गाठून केली. भांडूनच निघाला होता.

लग्न होऊन त्या सासरी आल्या तेव्हा दारात एक ट्रॅक्टर आणि एक जीप होती, आणि दोन्ही घरातल्या पुरुषांवर कायम रुसलेली असत. त्या रुसव्यांची कारणं शोधता शोधता त्या शिकल्या. त्यांची पद्धत ठरलेली. आधी कानांतले मोत्यांचे झुबे काढायचे आणि जवळ जो असेल त्याच्या तळहातावर ठेवायचे. "सोनं मधीमधी बोलतं," असं त्यांचं म्हणणं. मग पदर कानामागे खोचायचा, डोळे मिटायचे, आणि बाकीच्यांनी श्वाससुद्धा बेतानं घ्यायचा. यामागचं शास्त्र मला त्यांनी भाजी निवडता निवडता समजावलं होतं. "क्लच दाबला की बोलाया लागतंय, ते क्लचचं. क्लच दाबला की गप होतंय, ते आतलं, गिअरबॉक्सचं. सुनांचंबी असंच असतंय."

आमची पहिली भेट लेकीच्या लग्नाच्या बोलण्यांच्या वेळची. तेव्हाची मी म्हणजे तिकीट लावून दाखवावी अशी चीज होते. नुकतीच गाडी शिकलेले. काळा चष्मा डोळ्यांवर नव्हे, डोक्यावर. डावा हात गिअरवर असा विसावलेला, जणू सिंहासनाच्या मुठीवर. विहीणबाईंची जीप त्या दिवशी शेतात अडकलेली, म्हणून त्या एसटीनं आल्या, आणि त्यांना दिपवून टाकायचं म्हणून मी स्वतः स्टँडवर घ्यायला गेले. घर येईपर्यंत त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. मध्येच झुबे काढून माझ्या मांडीवर ठेवले. मला वाटलं, शहराच्या गर्दीत बाईला सोन्याची काळजी. मौनाचा अर्थ मी माझ्या सोयीनं कौतुक असा लावला.

घरी पोहे झाले, चहा झाला. लेक मान खाली घालून बसलेली, आमच्या यजमानांना पंख्याखाली घाम. शेवटी त्यांनीच धीर करून विचारलं, मुलगी कशी वाटली.

"पोरीचं काय, पोरगी लाखात एक हाय," विहीणबाई म्हणाल्या. "पण विहीणबाई, तुमचा डावा पाय क्लचवरून उतरत नाय. बेरिंग रडाया लागलंय. अन् गिअरवरचा हात काढा, वझं होतंय त्याला."

सुपारी फुटायच्या आधीच त्या मला विहीणबाई म्हणाल्या होत्या, म्हणजे लग्न ठरलं होतं. यजमानांना आनंद दुहेरी. पायाचं तेच ते मला महिनोन् महिने सांगत होते. मीही तोवर माणसांचं फारसं ऐकत नसे.

लग्नात तर कमाल झाली. वरमाईचे पाय धुवायची वेळ, परातीत कोमट पाणी, माझ्या जावा ओळीनं उभ्या. एक पाय धुऊन झाला आणि बाहेर रुखवत न्यायला आलेला टेम्पो मागे वळला. झुबे माझ्या ओल्या हातात आले आणि वरमाई एका ओल्या, एका कोरड्या पावलानं कार्यालयाबाहेर. त्यांच्यामागे मी टॉवेल घेऊन. ड्रायव्हरला म्हणाल्या, चौक्याच्या घाटात घालू नको, दुसरा गिअर टिकायचा नाय. तो म्हणाला, मावशी, तुम्ही आत चला, लोक खोळंबलेत. संध्याकाळी आमचं रुखवत, साखरेच्या तुळशीवृंदावनासकट, चौक्याच्या घाटात बसलेलं होतं. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी वाद घालणं सोडलं.

आता यजमान नाहीत. घरात माझ्या म्हणण्यानं वळणारी एकच वस्तू उरली आहे, ती आमची जुनी गाडी. या हिवाळ्यात तिनं आवाज धरला. गॅरेजवाल्यानं सांगितलं, अख्खा गिअरबॉक्स बदला, नाहीतर गाडीच विकून टाका. जावई फार मायेनं म्हणाले, "आई, आता कशाला? फोन केला की रिक्षा दारात येते." लेकीनं मान डोलावली. या मायेचा पुढचा रस्ता मला पाठ आहे. आधी गाडीची किल्ली जाते, मग गॅसचा लायटर जातो, आणि मग एक दिवस आपल्याच घरात आपल्याला 'तुम्ही बसा हं' म्हणतात. मी म्हटलं, विहीणबाईंचा कान घेऊ, मग ठरवू. स्वतःच्या आईच्या कानापुढे जावयांचंही काही चालत नाही. म्हणाले, "आई म्हणेल तसं."

विहीणबाई आल्या. आम्ही दोघीच पडेगावच्या रस्त्याला लागलो. मी सवयीनं तळहात पुढे केला.

झुबे आलेच नाहीत. कानांत तसेच डुलत राहिले. पुढे मेंढरं रस्ता ओलांडत होती, म्हणून मी गाडी उभी केली. इंजिन चालू होतं, आवाज घरघरत होता.

"आवाज काढून दाखवा बरं," त्या म्हणाल्या. "तुमच्या तोंडानं."

"विहीणबाई, गाडी चालू आहे."

"व्हय. दिसतंय."

मग मला उमगलं. हल्ली त्या फोन का घेत नव्हत्या, तेही. आणि फुलंब्रीच्या घरात अलीकडे एकही भाकरी का करपली नव्हती, तेही. तोंडासमोर जोरात बोललेलं तेवढं त्यांच्यापर्यंत पोचत होतं.  माझ्यासारख्या सत्तरी ओलांडलेल्या बाईनं भर रस्त्यात गाल फुगवून घूंऽऽ खर्रर्र केलं. मेंढरांमागचा माणूस थबकला. एका मेंढीनं उत्तर दिलं.

विहीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी तळहात गिअरच्या दांड्यावर ठेवला, वैद्यानं नाडीवर ठेवावा तसा, आणि डोळे मिटण्याऐवजी माझ्या ओठांवर रोखले.

"क्लच दाबा."

"गप्प झालं."

"सोडा."

"वाजतंय."

"आता चालवा. कंच्या गिअरात जास्त?"

"सगळ्यांत सारखंच."

थोडं पुढे जाऊन त्यांनी हात उचलला. "दात शाबूत हायेत. तेल उतरलंय अन् पुढचं बेरिंग गेलंय. तेवढंच बदलाया सांगा. गाडी इकायची नाय."

गॅरेजवाल्यानं नाखुशीनं उघडून पाहिलं. तेल तळाला, बेरिंग खलास, दात शाबूत. जावई अभिमानानं म्हणाले, "पाहिलंत? आईचा कान." मी म्हटलं, पाहिला. आम्हा दोघींची नजरानजर झाली आणि किल्ली माझ्याकडेच राहिली.

दुरुस्तीनंतर आम्ही पुन्हा त्याच रस्त्यानं गेलो. गाडी लोण्यासारखी चाललेली. त्यांनी विचारलं, "वाजतंय का?"

"काहीच नाही."

"मग आता आपल्या दोघींना सारखंच ऐकू येतंय," त्या म्हणाल्या आणि बाहेर बघत बसल्या.

मला ते सोसवेना. म्हणून पुढच्या खेपेला मी खोटाच एक आवाज काढला, किणकिण, आणि म्हटलं की चौथ्यात येतोय. त्यांनी दांड्यावर हात ठेवला, माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"ह्यो गाडीचा नाय. तुमची कवळी ढिली झालीये."

खरोखरच झाली होती. मग त्यांनी झुबे काढले, माझ्या मांडीवर ठेवले, आणि म्हणाल्या, "दुसरा आवाज काढा."