सुनांसाठी घेतलेले फ्लॅट

आमच्या बिल्डिंगमध्ये कोण राहतं असं कुणी विचारलं, तर मी सांगते, कुलपं राहतात. लोक मला फटकळ म्हणतात ते काही उगाच नाही. आम्ही नवरा-बायको बारामतीला आलो ते यांच्या रिटायरमेंटनंतर, दवाखाना जवळ असावा म्हणून. तळमजल्यावरचं एक कुटुंब पोरांच्या शाळेसाठी आलं. दुसऱ्या मजल्यावरचं जोडपं रोज लोणी देवकरला कंपनीत जातं. राहायला म्हणून घर घेतलेली माणसं एवढीच. बाकीचे फ्लॅट लासुर्ण्याच्या, निमगावच्या, नाहीतर आणखी कुठल्या तरी बागायतदारांचे. मुलाच्या बायोडेटात ‘बारामतीत स्वतःचा टू बीएचके’ असं छापता यावं म्हणून घेतलेले. पूर्वी मुलीचा बाप विहिरीला पाणी किती ते विचारायचा. आता पाणी असलं तरी मुलगी म्हणते, शेतात राहणार नाही. तिचं तरी काय चुकलं? शेणामुतात आईचं आयुष्य गेलेलं तिनं बघितलेलं असतं.

फ्लॅट ताब्यात आला की गाड्या भरून भावकी येते. वास्तुशांत होते, शेगडीवर दूध उतू घालवतात, गच्चीवर पंगती उठतात. आणि दिवस कलायच्या आत सगळे कुलूप लावून मळ्यात परत, कारण जनावरांच्या धारा कोण काढणार? जाताना किल्ली माझ्या हातात येते. “ताई, तिन्हीसांजेला तेवढी बत्ती लावा. नवं घर अंधारात ठिवू न्हाय.” शेजारधर्म म्हणून मी कुणालाच नाही म्हटलं नाही, आणि बघता बघता किल्ल्यांचा जुडगाच झाला.

त्या घरांत जायला मला नको वाटायचं. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, पण प्रत्येक बेडरूममध्ये आरसा असायचा, गादीवरचं प्लॅस्टिक तसंच, बांगड्यांचा स्टँड रिकामा. एका घरात तर दारामागे बाईमाणसाच्या नव्या चपला ठेवल्या होत्या. मापानं घेतल्या असतील, पण कुणाच्या मापानं? दिवा लावला की मला वाटायचं, आतल्या खोलीत कुणीतरी उठून उभं राहिलंय. मी देवाचं नाव घेत बाहेर पडायची. घरी यांना सांगितलं तर हे म्हणाले, “तुला बघून भूतच पळून जाईल.”

तिसऱ्या मजल्यावर निमगाव केतकीच्या अक्कांचा फ्लॅट. मुलगा एकुलता एक, निर्व्यसनी, पेरूची बाग, पस्तिशीकडे झुकलेला. स्थळं यायची आणि फिसकटायची. अक्का देवदेव करून थकल्या होत्या. म्हणायच्या, “माझ्या डोळ्यादेखत ह्याच्या ताटात वाढणारी बाई घरात येऊ दे, मग मी मेले तरी चालंल.” मग एक मुलगी तयार झाली. बारामतीतच लॅबमध्ये नोकरीला. रविवारी संध्याकाळी मुलीकडचे घर बघायला येणार होते.

सकाळीच अक्का पेरूंची पिशवी घेऊन माझ्या दारात. “ताई, आज सगळ्या फ्लॅटांतली लायटं लावा. टीव्ही असंल तर टीव्हीबी. बिल्डिंग कशी भरल्यावानी दिसली पाह्यजे.”

“अहो अक्का, काय सोंग हे?”

“सोंग तर सोंग. पोरगी म्हणती, शेजार पाह्यजे. आता शेजार कुठनं आणू मी?”

त्यांचा चेहरा बघून मी पिशवी घेतली. संध्याकाळी मी मजल्यामजल्यावर फिरले आणि सगळी बिल्डिंग उजळून टाकली. खाली उभं राहून वर बघितलं, तर दिवाळीच म्हणा. पण एकाही खिडकीत माणूस हलत नव्हतं.

पाहुणे आले. मुलगी, आईवडील आणि मामा. मामा खालूनच खूश. “वा, वस्ती चांगली आहे.” पोहे झाले, चहा झाला. मुलगा मान खाली घालून बसलेला. तशी दोघांची नजर एकदा भेटली, आणि मुलगी हसली. अक्कांनी मला कोपरानं ढोसलं. जमलं!

तेवढ्यात मुलगी उठली आणि म्हणाली, “शेजारी ओळख करून येते.” आम्ही काही बोलायच्या आत ती बाहेर गेली आणि समोरची बेल वाजवली. आत टीव्हीवर मालिका मोठमोठ्यानं चाललेली. कुणी दार उघडेना. ती शेजारच्या दाराशी गेली. मग जिना चढून वर गेली. खाली आम्हाला नुसत्या बेला ऐकू येत होत्या, एकामागून एक. मामांच्या हातातला कप तसाच राहिला.

ती परत आली तेव्हा चिडलेली नव्हती. घाबरली होती. “कुणीच नाही वर. हे सगळे फ्लॅट कुणाचे आहेत?”

अक्कांना खोटं सुचलंच नाही. “असंच घेतल्यात गं सगळ्यांनी. पोरांच्या लग्नासाठी.”

“मग सगळ्या मुली कुठं आहेत?”

पोरीनं भोळेपणानंच विचारलं असेल. तिच्या आईनं पदर सावरला आणि नजर फरशीवर लावली. जाताना मामा म्हणाले, “कळवतो.” कळवतो म्हणजे काय, ते आता शेंबडं पोरही सांगेल. मुलगा पाहुण्यांना सोडायला खाली गेला, तो बराच वेळ वर आला नाही.

अक्का स्वयंपाकघरात कप विसळत होत्या. मला राग आवरेना. “तरी मी सांगत होते, असली सोंगं टिकत नाहीत.” एरवी त्यांनी मला चांगलंच सुनावलं असतं. त्या नळ बंद करून खाली बसल्या.

“तिनं काय खोटं इचारलं, ताई? ह्याच्या पाठीवर मला दोन होत्या. दोन्ही येळंला सोनोग्राफी केली, आन् दोन्ही येळंला सासऱ्यांनी गाडी करून नेलं, मोकळी करून आणलं. म्हणले, गादीला पोरगा हाय, आता पोरींची लग्नं कशाला वाढवायची. मला कुणी इचारलंबी न्हाय.”

मी त्यांच्याजवळ बसले.

त्यांनी माझा हात घट्ट धरला. “आज त्याबी लग्नाच्या असत्या. कुणीतरी त्यांच्यासाठी असाच फ्लॅट घिऊन वाट बघत बसलं असंल. त्या वाट बघणाऱ्यांना कुणी सांगायचं, ताई, माझ्या पोरी येणार न्हाईत म्हणून?”