साडेसातचं भूत आणि नमुन्याचा डबा

माझी मोठीमाय कांताबाई भुताला मानत नाही. आमच्या घरात छप्पन सालच्या दीक्षेपासून भूतबित बंद आहे, असं ती सांगते. जसं काही त्याआधी ते रोज यायचं आणि मग एके दिवशी नोटीस देऊन काढलं. तरी संध्याकाळचे साडेसात वाजत आले की ती डाळीचं ताट उचलते आणि तांड्याच्या कडेला शीला राठोडच्या घरी भुताची सिरीयल पाहायला निघते. मागून तिचा नवरा, म्हणजे आमचे भीमराजबाबा, बातम्यांवरची नजर न काढता म्हणतात, "वंदना झाली? मंग जा आता भुताकडे."

"भुताकडे नाही जाऊन राह्यली. माणसं कशी हातानं वाया जातात ते पाहाले जातो."

"ते पाहाले तिकडं कायले जा लागते? मी हावो न घरी."

आमच्या गावात त्या सिरीयलीला नाव नाही, नुसतं 'साडेसातची' म्हणतात. फुलसावंगीपर्यंत कोणालाही विचारा, कळतं. एक मोठा बंगला, मागं पायऱ्यांची विहीर, विहिरीच्या तळाला एक बाई. मेलेली. बंगल्यात कोणी खोटं बोललं की ती एक पायरी वर येते. कायदा एवढाच. पायऱ्या एकवीस. पहिल्या भागात ती पार तळाला होती. आता चारच पायऱ्या उरल्यात, कारण त्या घरात सून उर्वशीपासून तिच्या दीरापर्यंत, प्रफुल्लपर्यंत, कोणी एका दमात खरं बोलत नाही. कोणी खोटं बोललं की आधी त्याचं तोंड दाखवतात, धाड! मग सासूचं, धाड! मग ज्याचा काही संबंध नाही त्या स्वयंपाक्याचं, धाड! मग पाणी हलतं.

मोठीमाय हे बसून पाहत नाही. टीव्ही आणि दार यांच्यामध्ये तिच्या येरझारा चालतात. डाळीतला खडा दाराबाहेर फेकायचा आणि तेवढ्याच जोरात पडद्यावर बोलायचं.

"अवं सांग न, बये, सांग! तोंडात काय तंबाखू धरला हाये का?"

उर्वशी सांगत नाही. पाणी हलतं. शीलाबाई पदर डोक्यावर ओढून घेते. जाहिरात लागली तरी तो सोडत नाही. तिच्या मते भुताला जाहिरातीत यायची बंदी नाही.

"एक माणूस, एकच माणूस पहिल्या दिवशी खरं बोलला असता," मोठीमाय म्हणते, "तर दोन दिवसांत खेळ खतम होता."

"मंग जाहिराती कुठं दाखवल्या असत्या?"

"मजाक नको करू, शीला. ते भूत स्वतःच्या पायानं चढूनच नाही राह्यलं. हे लोकंच तिले हात देऊन वर ओढून राह्यले."

"अये याडी!" घाबरली की शीलाबाई बंजारा बोलीत आईलाच हाक मारते. "असं नका बोलू, कांताबाई. ती आयकते."

"आयकू दे. तिलेही पटन."

हे झालं सिरीयलीचं. आता शाळेचं. मोठीमाय सोळा वर्षांपासून गावच्या शाळेत दुपारची खिचडी शिजवते. जूनपासून तिच्या हाताखाली शीलाबाईची सून बबिता आली आहे. बबिता कामाला चांगली, पण घाबरट. कुकरची शिटी झाली तरी "मी नाही केलं" म्हणेल अशी. शाळेत एक नियम आहे. रोजच्या खिचडीतली वाटीभर खिचडी झाकणाच्या डब्यात काढून दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवायची. लेकरांना काही झालं तर ती तपासायला नेतात. त्याला नमुना म्हणतात, आणि तो सांभाळायचं काम मोठीमायचं. सोळा वर्षांत तो कोणी मागितला नाही. म्हणून ती रोज त्याच दिवशी चार वाजता डबा उघडायची, खिचडी आपल्या शेळीला घालायची आणि डबा घासून पालथा ठेवायची. एरवी दुसऱ्या दिवशी तीच खिचडी फेकावी लागली असती. फेकलेलं अन्न तिला पाहवत नाही.

दिवाळीच्या पंधरा दिवस आधीचा मंगळवार. मोठीमाय चष्मा आणायला ढाणकीला गेलती, म्हणून खिचडी एकट्या बबितानं शिजवली. मोठीमाय चारला परत आली. नव्या चष्म्यातून शेळी केवढी मोठी दिसते याचं कौतुक करत तिनं डबा तिच्यापुढे रिकामा केला.

साडेचारला चौथीतला बादल शाळेच्या पायरीवर ओकला. त्याच्यामागून दोघं. पाच वाजेपर्यंत नऊ लेकरं. दोन ऑटो, एक छोटा हत्ती, सगळे फुलसावंगीच्या दवाखान्यात. साडेसहाला फोन आला की सलाईन लावली, आता झोपली आहेत, जिवाला धोका नाही. तोपर्यंत पारावर निकाल लागून गेला होता.

"नवीन बाई आहे न, तिनंच काही तरी घातलं."

"पाल पडली म्हणतात."

"कोण म्हणते?"

"लोकं म्हणतात."

"तू कोण हायेस मंग?"

तेवढ्यात हेडसरांचा फोन. हेडसर घाईत असले तरी प्रत्येक वाक्याच्या आधी दम घेतात. "असं बघा, कांताबाई. उद्या अकराला तालुक्याहून साहेब येत आहेत. असं बघा, ते नमुना नेणार. नमुना आहे ना?"

"आहे, सर," मोठीमाय म्हणाली.

फोन बंद झाला. ती फोनकडेच पाहत राहिली, जसं काही ते फोननंच उत्तर दिलं. मग चुलीपाशी गेली. परत आली. रांजणात डोकावली. भरलेला रांजण, तरी बादली घेऊन निघाली. भीमराजबाबा म्हणाले, "अवं, बस न एका जागी."

"बसलीच तर हावो," ती उभ्यानं म्हणाली.

काय करता येईल ते तिला फोन ठेवायच्या आधीच सुचलं होतं. त्याच पोत्यातले तांदूळ, तीच डाळ, तेच तेल. शाळेची किल्ली तिच्याच कमरेला. वाटीभर खिचडी शिजवायला कितीसा वेळ! डबा भरला की नमुना चांगला निघेल, बबिता सुटेल, आपणही सुटू, कोणाचं काही बिघडणार नाही. तिच्या बोटांनी तर मीठही मोजून झालं होतं.

साडेसात वाजता ती शीलाबाईकडे गेली. ताट न घेता.

टीव्ही नेहमीसारखा लागलेला होता. तो त्या घरात कोणी लावत नाही, साडेसातला आपला लागतो. बबिता भिंतीला टेकून बसली होती, तोंडात पदराचं टोक. पडद्यावर पोलीस उर्वशीला विचारत होते, विहिरीचं कुलूप कोणी तोडलं? तिला माहीत होतं, प्रफुल्लनं. प्रफुल्लचं लग्न दोन दिवसांवर आलेलं. उर्वशीनं हातातली पूजेची थाळी घट्ट धरली आणि म्हणाली, "मला माहीत नाही." धाड! धाड! धाड! पाणी हललं. तीनच पायऱ्या उरल्या.

"बिचारीनं घरच्यायच्या भल्यासाठीच केलं," शीलाबाई म्हणाली आणि वाट पाहू लागली. काही आलं नाही. "कांताबाई, आज काहूनच नाही बोलून राह्यल्या? शिवी तरी द्या तिले."

मोठीमाय दाराशी उभी. गेली, आली, परत गेली.

"मावशी," बबितानं पदर तोंडातून काढला. "नमुना हाये न? सर सांगत होते, हाये म्हणून. तपासला की निघन न खरं? मी सगळं धुऊन घातलं होतं. पालक तीन पाण्यातून काढला."

"हाये न," मोठीमाय म्हणाली.

दुसऱ्यांदा. आणि या वेळी फोनवर नाही, पोरीच्या तोंडावर. बबिताच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते पाहून मोठीमायनं चष्मा काढून कनवटीला खोचला.

जाहिरात सुरू झाली. साबणाची.

"शीला, आवाज कमी कर."

"जाहिरातीचा?"

"कर म्हणतो न."

आवाज कमी झाला. मोठीमायनं उभ्या उभ्या सांगून टाकलं. डबा, शेळी, फोन, आणि आत्ताचं. सांगायला साबणाच्या जाहिरातीएवढाही वेळ लागला नाही.

शीलाबाईच्या डोक्यावरचा पदर पहिल्यांदाच खाली पडला. "म्हणजे नमुना नाहीच? मंग माह्या सुनेचं काय? गाव तिले खाऊन टाकन! तुम्ही बोलल्या कशा खोटं?"

"बोलली."

"रोज त्या उर्वशीले शिव्या देता आन् स्वतः..."

"बोलली म्हणतो न, शीला!"

मग शीलाबाई तिच्याजवळ सरकली आणि तिचा आवाज एकदम गुळासारखा झाला. "बरं, झालं ते झालं. किल्ली हाये न तुमच्यापाशी? मंग शिजवा न वाटीभर. कोणाले समजते? माही सून सुटते, तुम्ही सुटता."

"मीबी तेच धरलं होतं मनात."

"मंग?"

"मंग त्या पोत्यातच काही असन तर? डबा चांगला निघन, साहेब जाईन, आन् परवा त्याच पोत्याचा भात एकशे चार लेकरायच्या ताटात पडन. आपण कोणती खिचडी देऊन राह्यलो तपासाले, अं?"

बबिता हुंदका देत म्हणाली, "मावशी बरोबर बोलून राह्यल्या."

"तू चूप बस! तुह्यासाठीच चाललं हाये," शीलाबाई ओरडली.

मोठीमायनं तिथूनच हेडसरांना फोन लावला. स्पीकरवर, म्हणजे नंतर आपलेच शब्द फिरवायला जागा नको. पलीकडे हेडसरांनी दम घेतला.

"असं बघा, कांताबाई. मी काही ऐकलं नाही. असं बघा, डबा रिकामा नसला पाहिजे. तो कसा भरायचा ते तुम्हाला मी सांगायला हवं का?"

"सर, मी सायबाले सांगणार हावो."

"असं बघा..." आणि पुढे काय बघायचं ते त्यांनाच सुचेना.

सिरीयल परत सुरू झाली होती. कोणी पाहिली नाही. मोठीमाय त्या संध्याकाळी घर ते नळ आणि नळ ते घर किती वेळा गेली याचा हिशोब गल्लीतल्या कुत्र्यांपाशी असेल. तीही शेवटी भुंकायची थांबली.

बुधवारी अकराला साहेब आले. बारीक, घामेजलेले, हातात कागदांची फाइल. ते सरकारी कागदासारखेच बोलत. "नमुना प्राप्त करून देण्यात यावा."

"नमुना नाही, साहेब," मोठीमाय म्हणाली. "काल मी हाये म्हटलं ते खोटं होतं. तो माह्या शेळीनं खाल्ला. म्हणजे मीच घातला. रोजच घालतो."

दाराबाहेर अर्धं गाव उभं होतं. हेडसरांनी छताकडे पाहिलं. साहेबांनी पेन उघडलं, बंद केलं, आणि पहिल्यांदाच माणसासारखं विचारलं, "शेळी कशी आहे?"

"अं?"

"जिवंत आहे का?"

"हाये न, साहेब. सकाळी माह्या पोलक्याची बाही खाल्ली तिनं."

गर्दीत कोणी तरी फिसकन हसलं. साहेबांनी शेळी आणवली. शेळी ऑफिसात आली, साहेबांकडे पाहिलं आणि फाइलीच्या नाडीकडे तोंड नेलं. "शेळीला कागदावर घेता येत नाही," ते फाइल छातीशी धरत म्हणाले. "तिला काही झालं नाही, एवढ्यानं काही सिद्ध होत नाही. डबा असता तर मी दहा मिनिटांत निघालो असतो. आता लेकरांनाच विचारावं लागेल."

तोपर्यंत लेकरांना कोणी विचारलंच नव्हतं. पारावर सगळ्यांना विचारून झालं होतं, लेकरं सोडून.

बादल दवाखान्यातून सकाळीच परतला होता. साहेबांनी त्याला जवळ घेतलं. "जेवल्यावर काय खाल्लं, बाळा?"

"काई नाई."

"खरं सांग. रागावणार नाही."

बादलनं मोठीमायकडे पाहिलं. आत्ताच तिला सगळ्यांसमोर बोलताना त्यानं ऐकलं होतं. त्यानं चड्डीच्या खिशात हात घातला आणि काळ्या, लांबट तीन बिया टेबलावर ठेवल्या. "शेंगदाण्यावानी लागतात. तिकडच्या कुपाच्या. आमी सगळ्यायनं खाल्ल्या. भारतनं तर नऊ खाल्ल्या."

शाळेच्या मागचं सगळं कुंपण चंद्रज्योतीचं. तिला ढोरं तोंड लावत नाहीत, म्हणून लावतात. बिया पोटात गेल्या की उलट्या. हे गावातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ठाऊक होतं, आणि काल सगळे पालीच्या मागे लागले होते.

तांदूळ-डाळ तरी साहेबांनी पिशव्यांत बांधून नेलीच. बबिताच्या नावापुढे काही लिहिलं नाही. मोठीमायच्या नावापुढे लिहिलं: नमुना न जपणं, खोटी माहिती देणं. शुक्रवारी कागद आला. पुढील आदेशापर्यंत कामावर येऊ नये, शाळेच्या आवारात पाऊल ठेवू नये. हेडसरांनाही एक आला. तो त्यांनी कोणाला दाखवला नाही, पण दोन दिवस ते काही न बघता बोलत होते.

शीलाबाई रात्रीची भाजी घेऊन आली आणि रडली. "तुमची रोजी गेली न, कांताबाई, आमच्या पायी."

"तुमच्या पायी कायची? माह्या तोंडापायी," मोठीमाय म्हणाली. "आन् पहिल्या फोनलाच बोलली असती तर बबिताले रात्रभर रडा लागलं नसतं. हे कोण भरन?"

सोळा वर्षांत पहिल्यांदाच शाळा चालू असताना ती सोमवारी घरी होती. नऊ वाजता तिनं अंगण झाडलं, सव्वानऊला परत झाडलं. साडेदहाला शाळेतून फोडणीचा वास आला तशी ती ताडकन उठली, खुंटीवरचा कोयता घेतला आणि निघून गेली. भीमराजबाबा मागून ओरडले, "अवं, कागदात काय लिहिलं हाये?"

अकराच्या सुट्टीत हेडसर धावत शाळेमागं गेले. चंद्रज्योतीचं अर्धं कुंपण आडवं झालेलं, आणि मोठीमाय कमरेला पदर खोचून पुढच्या झाडावर घाव घालत होती.

"कांताबाई! असं बघा, तुम्हाला आवारात यायला बंदी आहे!"

"मी बाहेर हावो, सर," ती कोयता न थांबवता म्हणाली. "आत फक्त कोयता येऊन राह्यला."