रूहीची लेखनिक

वर्गात काहीही विचारा, रूही शेख धडाधड उत्तर द्यायची. पेपरात मात्र अक्षरं उलटी, शब्द अर्धे. चंद्रपूरच्या एका शिंप्याची ही मुलगी. मैत्रिणींकडून इतिहासाचं पुस्तक मोठ्यानं वाचून घेते आणि ऐकून पाठ करते, असं तिनंच मला सांगितलं होतं. मी मान हलवली, पण विश्वास ठेवला नाही. इतकी वर्षं कॉप्या पकडल्यावर माझा घरच्यांवरही बसत नव्हता.

दोन हजार तीन साली, बी.ए.च्या शेवटच्या परीक्षेला, तिनं नागपूरच्या डॉक्टरचा कागद आणला. दोष वाचण्या-लिहिण्यात आहे, बुद्धीत नाही, लेखनिक द्यावा. विद्यापीठानं परवानगी दिली. मला तो कागद विकतचा वाटला. त्यात लेखनिक कोण, तर शेजारची मदीहा, अकरावीतली. पहिल्या पेपराला रूही डोळे मिटून सांगत होती, पण ती थांबली तरी मदीहाचं पेन चालूच. मी दोघींचे कंपास उघडून पाहिले, बाकाखाली वाकलो. काही सापडलं नाही, म्हणून संशय आणखी वाढला. पकडली गेली असती तर तिची तीन वर्षं बुडाली असती.

इतिहासाच्या पेपराला मी मदीहाला बाहेर बसवलं आणि स्वतःच पेन घेतलं. लेखनिकाला तो विषय येता कामा नये असा नियम, आणि विषय माझाच, म्हणून प्राचार्य कुरकुरले. मी दाद दिली नाही.

ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. ती थांबली तरी माझंही पेन चालूच राहायचं, मागचं उरकत. तासाभरात बोटं दुखायला लागली. तिचं उत्तर मात्र कुठे अडत नव्हतं, आणि याचाच मला राग येत होता.

मग पानिपतची तिसरी लढाई आली. "सतराशे सोळा," ती म्हणाली. आकडे तेवढे ती पुस्तकातून स्वतःच वाचायची, आणि तिथं ६१ चं उलटून १६ व्हायचं. मी लिहिलं, सतराशे एकसष्ट.

उत्तर संपल्यावर तिनं ते वाचून दाखवायला सांगितलं. वाचता वाचता मी सालापर्यंत आलो, आणि तिनं डोळे उघडले.

"सर, मी तं सोळा सांगतलं होतं."

"एकसष्टच बरोबर आहे."

"असन. पण ते तुमचं हाये, माहं नाई. खोडा."

मी एकसष्ट खोडून सोळा लिहिलं. लाजेनं कान तापले होते. मग दार उघडून मदीहाला आत बोलावलं, पेन तिच्या हातात दिलं आणि मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो.