वाटून घेतलेली गोळी

"कॅन्सर नाही. पण हे पॉलिप तसेच राहिले असते तर होऊ शकला असता," माझा बायोप्सीचा रिपोर्ट वाचून नागपूरचे डॉक्टर म्हणाले. बायोप्सी म्हणजे शरीरातला तुकडा काढून तपासणं. माझ्या मोठ्या आतड्यात दोन पॉलिप सापडले होते. पॉलिप म्हणजे आतड्याच्या अस्तरावर उगवलेला मांसाचा कोंब. कोलोनोस्कोपीत, म्हणजे मागच्या वाटेने कॅमेरा घालून करतात त्या तपासणीत, दोन्ही काढून टाकले होते.

हिमोग्लोबिन सारखं उतरत होतं म्हणून मी एवढ्या लांब आले होते. आमच्या गोंडपिपरीत तर मला सगळ्यांनी बीट खायला सांगितलं होतं.

"घरात कोणाला होता?" डॉक्टरांनी विचारलं. बाबा आतड्याच्या कॅन्सरनेच गेले. "भावंडं?" एक मोठा भाऊ, मुलचेऱ्याजवळ धानाची शेती करतो. "त्यांना याच महिन्यात घेऊन या," ते म्हणाले. हे वाक्य मी नीट ऐकलं होतं. ऐकलं नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

त्याच दवाखान्यात एक चाचणी चालू होती. कोबी-मोहरीच्या कुळातल्या भाज्यांत एक द्रव्य असतं, त्याची कॅप्सूल रोज सकाळ-संध्याकाळ घेतली तर पॉलिप पुन्हा येणं थांबतं का, हे बघायचं होतं. निम्म्या लोकांना खरी कॅप्सूल, निम्म्यांना प्लासिबो, म्हणजे तशीच दिसणारी पण औषध नसलेली. कोणाला कोणती, ते डॉक्टरांनाही माहीत नाही. "उपयोग होतो हे सिद्ध झालेलं नाही. तेच तपासतोय," ते दोनदा म्हणाले. मी सही केली. तीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवलं, मला काय समजावता, असाही थोडा तोरा होता.

सोबत रोजच्या जेवणाचा तक्ता भरायचा होता. त्यात ब्रोकोलीला रकाना होता. आमच्या बाजारात ब्रोकोली आणली तर बाया तिला नासलेली फुलकोबी म्हणतील. आमच्या रानातल्या तरोट्याच्या भाजीला, काटवलाला रकाना नव्हता. मी ती नावं समासात लिहायची आणि मनात हसायची.

पुढच्याच आठवड्यात दादाकडे गेले. वहिनी आत गेल्यावर दादा हळूच म्हणाला, "मले बी रगत जाते. मूळव्याध हाय, दुसरं काई नाई." किती दिवसांपासून? "दिवाळीपासून." मी नागपूरचं नाव काढलं, तर तो उसळला. "त्या जागी कॅमेरा? या वयात? काई शरम हाय का नाई तुले?"

तेवढ्यात त्याला माझ्या पिशवीतली बाटली दिसली. कशाची, काय, सगळं विचारून झालं. "भाजीचीच हाय ना? मंग मले देत काऊन नाईस? धान निघालं का येतो तुया नागपूरले."

मी दिली. सकाळची गोळी माझी, संध्याकाळची त्याची. आमच्या घरात चांगलंचुंगलं एकट्याने खायची रीत नव्हती. पण रीतीवर ढकलून मी सुटणार नाही. त्याच्याशी वाद घालायचा मला कंटाळा आला होता, आणि काहीच नाही त्यापेक्षा हे बरं, असं मी मनाला पटवलं.

पंधरा दिवसांत दादाचं रक्त थांबलं. असं रक्त आपोआप थांबतं आणि पुन्हा सुरू होतं, हे मला नंतर कळलं. तेव्हा आम्ही दोघंही खूश होतो. धान निघालं, नंतर दादाच्या मुलीचं लग्न झालं, नंतर ऊन फार होतं. दर दोन महिन्यांनी मी नवी बाटली आणायची, अर्धी मुलचेऱ्याला पोचवायची. रिकामी बाटली बघून नर्स म्हणायची, "एकही उरली नाही! तुमच्यासारखे पेशंट हवेत."

चौदाव्या महिन्यात दादाचं पोट फुगलं, शौच बंद झालं. आधी अहेरीचा दवाखाना, तिथून चंद्रपूर, चंद्रपूरहून नागपूर. गाठीने आतडं अडवलं होतं, यकृतातही पसरलं होतं. ऑपरेशन करून कोलोस्टोमी केली, म्हणजे पोटावर तोंड काढून शौचासाठी पिशवी लावली.

ऑपरेशन थिएटरच्या बाहेरच्या बाकावर मी चाचणीच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बाई, गाठ होऊ नये म्हणून ती गोळी चालते का, एवढंच आम्ही बघत होतो. झालेल्या गाठीला ती काय करणार?" खरी होती की प्लासिबो, मी विचारलं. "चाचणी संपेपर्यंत मलाही कळणार नाही. आणि आता त्याने काय फरक पडतो?" मला चाचणीतून काढलं. सिद्ध झाल्याशिवाय खरं मानू नका, हे तीस वर्षं पोरांना शिकवलं आणि मीच विसरले, याचा राग अजून जात नाही.

गोळीचा काही उपयोग झाला नव्हता, हे दादाला मी सांगितलं नव्हतं. घरी आल्यावर तो भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा, "बाईच्या गोळीनं एवढे दिवस काढले." लोक माझ्याकडे कौतुकाने बघायचे. मी चहा ठेवायच्या निमित्ताने आत जायची.

मग एक दिवस त्याने राहुलला, त्याच्या अडतीस वर्षांच्या मुलाला, समोर बसवलं. "याले डाक्टर कॅमेऱ्याले बोलावून राह्यला. कायले पाह्यजे? बाई, याले बी त्या गोळ्या चालू करून दे."

तेव्हा मात्र मी बोलले. ती गोळी काही करत नव्हती, तिच्यामुळे तू दवाखान्यात आला नाहीस, आणि ती मी दिली, असं एका दमात सांगितलं. वहिनी रडायला लागली. दादा मला फक्त "जाय" म्हणाला.

राहुलला मी स्वतः नागपूरला नेलं. एक पॉलिप निघाला, तिथेच काढला. तुमच्या घरात आई-बापाला किंवा भावंडाला हा आजार असेल तर भाज्या खुशाल खा, पण तपासणी करून घ्या. शरम वाटली तरी करा. माझ्यासारखं कोणी प्रेमाने काही पुढे केलं, तर तपासणी झाल्याशिवाय घेऊ नका.

रिपोर्ट घेऊन गेले तेव्हा दादा भिंतीकडे तोंड करून पडला होता. महिनाभर तो माझ्याशी बोलला नव्हता. राहुलने वाचून दाखवलं. दादाने तोंड वळवलं नाही.

"माया बी असाच काढता आला असता का, तवा?"

"हो, दादा," मी म्हणाले.