माळ बघावा चैतात

विमलबाई ठोंबरेला लिहिता-वाचता येत नाही. पण एक सरकारी पंचनामा तिला पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत तोंडपाठ आहे. रागानं पाठ झालेलं माणूस विसरत नाही.

पळसदरी सोडून खोपोलीकडं निघालं की डाव्या हाताला आमच्या गावाचं गुरचरण लागतं. सत्तावीस एकर. गाव त्याला नुसतं माळ म्हणतं. खाली काळा कातळ, त्यावर मुरूम, मुरमावर लालसर माती. किती माती? विमलबाई हात आडवा धरून दाखवते, "चार बोटं. त्यात करंगळी पण आली." पाऊस पडला की पाणी मुरत नाही, पायांवरून धावत सुटतं. कातळाला जिथं भेग आहे तिथंच माती खोल उतरते, तिथंच करवंदी नि पळस उभे राहतात. बाकी सगळं गवत. गवताला चार बोटं पुरतात.

श्रावणात हा माळ असा हिरवा होतो की मुंबईची माणसं गाड्या थांबवून त्यावर उताणी पडतात. दसऱ्याला पिवळा, मार्गशीर्षात कापून मोकळा, आणि चैतात नुसता दगड. अनवाणी पाय ठेवला तर कातडं सोलून निघेल. आमची जुनी माणसं सांगत, माळ बघावा चैतात. जमीन घेणाऱ्यानं फसू नये म्हणून सांगत. फसवायलाही चैतच बरा, हे गावातल्या एकाच डोक्यात आलं.

ते डोकं देवेशचं. तान्हा असताना त्याची आई आजारी पडली, तेव्हा चार महिने विमलबाईच्या म्हशीच्या दुधावर वाढलेला. आता जमिनीची दलाली करतो, लोक देवेशशेठ म्हणतात. त्यानं अर्ज ठोकला, की हे गुरचरण निरुपयोगी आहे, सबब रिसॉर्टसाठी द्यावं. आणि पाहणी बरोबर चैतात लावून घेतली. भर दुपारी महसूलचे साहेब आले. पायाखाली दगड, एक काडी हिरवी नाही.

विमलबाई तिथं पोचली. पाच म्हशींची मालकीण, पस्तीस वर्षं त्याच माळावर चारलेली. म्हणाली, "सायेब, आता नाय, श्रावणात या. गुडघाभर गवत दावते."

देवेश हसला. "काकू, म्हशीला पण आणायचं ना साक्षीला. ती सही करील."

सगळे हसले. मग कुणीतरी कागद पुढं केला. "काय लिवलंय रं ह्याच्यात?" तिनं विचारलं.

"हजेरी गं काकू. तू आलीस त्याची."

तिनं अंगठा दिला.

तो कागद मी माहितीच्या अधिकारात काढला. तीन चकरा, दोन भांडणं, पण काढला. तिच्या ओटीवर बसून वाचला: "सदर जमीन खडकाळ असून मातीचा थर चार बोटांचा आहे. सदर जमिनीवर कोणत्याही हंगामात चारा अथवा झाड येत नाही. सबब गावची गुरे तेथे चरत नाहीत." खाली अर्जदार देवेशची सही. त्याखाली पंच म्हणून विमलबाईचा अंगठा.

तिनं कागदावरच्या आपल्या अंगठ्यावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "माज्याच अंगठ्यानं माज्या म्हशींच्या तोंडचा घास काढला व्हय त्यानं. वाच परत."

सात वेळा वाचून घेतलं. मी म्हटलं, उद्याच तक्रार टाकू. तर म्हणाली, "टाकू. पण दम धर. त्याला अजून बोलायचंय. श्रावणात बोलंल तो."

मी भडकू माणूस, मला दम धरता येत नाही. पण त्या बाईच्या डोळ्यांकडं बघून गप्प बसलो.

आणि झालं तसंच. सरकारचा हुकूम यायच्या आधीच देवेशनं माळाचे प्लॉट पाडून नंबर घातलेले सिमेंटचे खांब रोवले आणि श्रावणातल्या रविवारी गिऱ्हाइकं आणायला लागला. हिरवागार माळ, समोर ढगात माथेरान. ठाण्याचं एक जोडपं विसार देऊन चौदा नंबरच्या खांबापाशी उभं होतं. देवेश सांगत होता, "एक नंबर माती आहे साहेब. हापूस लावा, पाच वर्षांत आंबे खाल."

विमलबाई म्हशी घेऊन आली, खांद्यावर पहार. पहार त्या बाईंच्या पायाशी टाकली. "घ्या ताई. हापूस लावायचाय ना? खड्डा करून बघा."

"काकू, तू जा घरी," देवेश म्हणाला.

"जाते रं. हापूस बघून जाते."

त्यांच्या नवऱ्यानं गंमत म्हणून पहार मारली. ठण्ण. हातांना झिणझिण्या आल्या. दोन पावलं सरकून मारली. पुन्हा ठण्ण. आणि विमलबाईनं सुरू केलं, कचेरीतल्या कारकुनासारखं, न अडखळता, "सदर जमीन खडकाळ असून मातीचा थर चार बोटांचा हाय. सदर जमिनीवर कोणत्याही हंगामात..."

"हे काय आहे?" त्या बाईंनी विचारलं.

"ह्याचाच जबाब हाय ताई. खाली सही ह्याची."

मी तिच्या मागंच होतो, पंचनाम्याची नक्कल पुढं केली. दर रविवारी ती तिथं, मीही तिथं. चौथ्या रविवारी गाड्या यायच्या थांबल्या. ठाण्याचं जोडपं वकिलाला घेऊन पोलीस ठाण्यात गेलं, पंचनामा तक्रारीला जोडून. आता देवेश पुरता अडकला. पंचनामा खरा म्हणावा, तर गिऱ्हाइकांना फसवलं. खोटा म्हणावा, तर सरकारला.

तो विमलबाईच्या ओटीवर आला. "काकू, तुझं दूध प्यालोय. मिटव गं."

"माजं नाय, म्हशीचं. ती चरली त्या माळाचं. ग्रामसभेत ये."

दोन ऑक्टोबरची ग्रामसभा. देवेश उठला, खाली मान घालून म्हणाला, "मी अर्ज मागं घेतो."

लोक टाळ्या वाजवणार, तोच विमलबाई उभी राहिली. "अर्ज ऱ्हाऊ दे. माळावर गवत येतं का नाय, ते सांग."

"येतं."

"मागं ऐकू नाय आलं."

"येतं गवत."

"किती?"

सगळी सभा त्याच्याकडं बघत होती आणि एकजण त्याच्या बाजूनं खोकलासुद्धा नाही.

"गुडघाभर," तो म्हणाला.

"लिवा," ती ग्रामसेवकाला म्हणाली. "आनि खाली त्याचा अंगठा घ्या. सही नको. अंगठाच."

शाईत बुडवलेला तो अंगठा मी जवळून बघितला. मला दया आली असं मी लिहिणार नाही, कारण आली नाही.

तो ठराव जोडून मी रिसॉर्टच्या प्रस्तावाविरुद्ध अर्ज केला आणि प्रस्ताव रद्द झाला. माळावरचे खांब गावानं उपटले. चौदा नंबरचा विमलबाईनं घरी नेऊन गोठ्यात रोवलाय, त्याला थोरली म्हैस बांधते. देवेशची गाडी दारावरून जायला लागली की ती मुद्दाम हाक मारते, "देवेसशेट, चौदा नंबर विकला गेला बरं का."

तो हल्ली लांबच्या रस्त्यानं जातो. जाऊ दे. पंचनामा अजून ती रोज धार काढताना म्हणून बघते, एखादा शब्द सुटला तर नाही ना.