विळ्याची धार

सून कपाच्या बुडावर सुरी घासायला लागली की ओल्या लोखंडाचा वास येतो आणि मला घरात बसवत नाही. उगाच अंगणात जाते, परत आत येते.

स्वातंत्र्याच्या आधीची गोष्ट. टोकावड्याला आई बाळंतपणात अडली होती. मी नऊ वर्षांची. सुईण दारातून ओरडली, "गो, विळ्याला धार लाव! नाळ कापायचीय, बोथट नाय चालायचा."

मी गोठ्यात पळाले. धारेचा दगड तिथंच, बैलांच्या पायापाशी असे. दगडावर ओलं शेण लागलेलं होतंच, वर गुरांच्या डोणीतलं पाणी शिंपडलं आणि घासत सुटले. आत आई कण्हत होती, हात थांबेनात.

"काय धार लावलीस गो!" सुईण म्हणाली. दिवसभर मी ते घरोघर सांगत फिरले.

आठव्या दिवशी त्या तान्ह्या भावाचा जबडा मिटला, अंग ताठलं, तो गेला. "बाहेरचं लागलं," सगळे म्हणाले.

पुढं मुलीच्या बाळंतपणात नर्सबाईंनी कात्री उकळत ठेवली. का, म्हणून विचारलं. "शेणामातीतून बाळाला धनुर्वात होतो, आजी."

माझी आई तेव्हा हयात होती. बाहेर बाकावर नातीच्या सुटकेची वाट बघत बसली होती. तिला मी काही सांगितलं नाही.

धार मात्र खरंच चांगली लागली होती.